कंपनी बंद पडली तर? घणसोलीतल्या एका क्रिप्टो वॉलेटची तपासणी

जुलैमधल्या एका शनिवारी दुपारी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "दादा, एक वॉलेट ॲप टाकलंय. क्लायंट म्हणतोय, याच्यावरच पैसे पाठवतो. सेफ आहे का, तेवढं बघून सांगशील?"

ती घणसोलीला राहते आणि घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं करते, बरीचशी परदेशातली. या क्लायंटकडून तिला १,२०० डॉलर यायचे होते. ते तो यूएसडीटीत, म्हणजे डॉलरशी किंमत बांधलेल्या क्रिप्टोत देणार होता. चाचणी म्हणून ५० यूएसडीटी त्याने पाठवले होते आणि ते पोचलेही होते. उरलेले १,१५० सोमवारी येणार होते. दीड महिन्याच्या कामाचा हा मोबदला होता, त्यामुळे फोनवरच 'हो, चालेल' म्हणून सोडून देणं मला पटेना. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली आणि चारच्या सुमारास तिच्या घरी पोचलो.

मी ऐरोलीच्या एका कंपनीत मोबाइल ॲपचं टेस्टिंग करतो. वॉलेट बनवणं हे माझं क्षेत्र नाही, पण ॲप वरून काय दाखवतं आणि आतून काय करतं यातला फरक शोधणं हे रोजचंच काम. त्या शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत आम्ही काय बघितलं आणि काय ठरवलं, ते इथे लिहितो आहे. ॲपचं नाव देत नाही. त्यांनी कुणाला लुबाडल्याचं मला कुठेही आढळलं नाही, आणि हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते नेमकं त्याचसाठी.

पहिली दहा मिनिटं

सुरुवात मी सवयीने केली. तिच्याच फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपची माहिती उघडली. अगदी खाली एक ओळ असते, ॲप कुठून इन्स्टॉल झालं ते सांगणारी. तिथे प्ले स्टोअर होतं. क्लायंटने लिंक पाठवली होती म्हणून ही ओळ आधी बघितली. प्ले स्टोअरसारखं दिसणारं पान उघडून मागच्या दाराने एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) हातात देणं ही जुनी युक्ती आहे. मग कंपनीच्या वेबसाइटवरून 'डाउनलोड' दाबलं, तर तेच पान उघडलं. डेव्हलपरचं नाव जुळलं. डाउनलोड ५ लाखांच्या वर, तारे ४.६. परवानग्यांमध्ये क्यूआर स्कॅनसाठी कॅमेरा आणि शिवाय फोनमधले संपर्क. संपर्क कशाला हवेत, म्हणून ती परवानगी बंद केली. एसएमएस वाचण्याची किंवा स्क्रीनवर ताबा मिळवणारी ॲक्सेसिबिलिटीची मागणी नव्हती.

"ठीक दिसतंय," मी म्हणालो.

या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली चूक ती हीच. एवढ्या तपासण्यांतून मला एकाच प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं: हे त्या नावाचं खरं ॲप आहे का? हा प्रश्न क्षुल्लक नाही. २०२१ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवर ट्रेझर या वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचं खोटं ॲप होतं आणि त्यात एका माणसाचे १७.१ बिटकॉइन गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर या दुसऱ्या वॉलेट कंपनीच्या नावाचं खोटं ॲप निघालं. म्हणजे स्टोअर मोठं आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, लिंक कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यायला हवी. पण ॲप अस्सल ठरलं तरी ते चांगलं बांधलेलं आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. त्याला मी अजून हातही लावला नव्हता.

क्लायंटने याच ॲपचा आग्रह का धरला, हेही तिला विचारायला लावलं. यूएसडीटी घेण्यासाठी ठरावीक ॲप लागत नाही. त्याच नेटवर्कवरचा कुठलाही पत्ता चालतो. त्याने सरळ उत्तर दिलं: तो स्वतः हेच वापरतो आणि नवा माणूस जोडला की त्याला थोडं बक्षीस मिळतं. खोट नव्हती, पण त्याची शिफारस कितपत धरायची तेही कळलं. दुसरा पत्ता दिला तरी चालेल का, यावर त्याचं उत्तर लगेच आलं: चालेल.

मावशीचा लॉकर

मावशीने चहा आणला आणि आमच्याजवळ बसली. तिचा वाशीच्या एका बँकेत लॉकर आहे. "लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक माझी, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. या तुमच्या वॉलेटची दुसरी किल्ली कुणाकडे?"

दुसरी किल्ली नाही, आणि वॉलेटमध्ये पैसेही नाहीत, असं मी तिला सांगितलं. पैसे म्हणजे ब्लॉकचेनवरची नोंद. ही नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर आहे. वॉलेट ॲप सांभाळतं ती फक्त किल्ली, त्या नोंदीवर सही करण्याची. ती किल्ली तयार होते बारा शब्दांतून. हे शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निघतात. बीआयपी-३९ नावाचं हे मानक २०१३ सालचं. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा आणखी काही भाषांतल्या याद्याही त्यात आहेत; मराठी नाही. बारा शब्द नीट यादृच्छिक पद्धतीने निवडले असतील तर शक्यतांचा आकडा ३४ वर ३७ शून्यं एवढा होतो. अंदाजाने ते कुणालाही सापडणार नाहीत. म्हणून चोर अंदाजाच्या वाटेला जात नाही. शब्द जिथे उघडे पडतात, तिथे तो जाऊन बसतो.

तेव्हा मावसबहिणीने जो प्रश्न विचारला, त्याने तपासणीची दिशाच बदलली. "दादा, ही कंपनी उद्या बंद पडली तर माझे पैसे?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. कंपनी बुडू दे, ॲप स्टोअरवरून जाऊ दे. बारा शब्द हातात असतील तर दुसऱ्या कुठल्याही वॉलेटमध्ये टाक, पैसे तिथे दिसतील.

"मग करून दाखव."

तिच्या खऱ्या शब्दांवर हा प्रयोग करायचा नव्हता. जितक्या ॲपमध्ये शब्द टाकू, तितक्या ठिकाणी ते उघडे पडतात. मी सोबत एक जुना, पुसून कोरा केलेला फोन आणला होता. त्यावर तेच ॲप टाकलं, नवं वॉलेट तयार केलं आणि आलेले बारा शब्द कागदावर उतरवले. त्या वॉलेटचा ट्रॉन नेटवर्कवरचा (तिचे यूएसडीटी याच ब्लॉकचेनवर आले होते) पत्ता लिहून घेतला. हा पत्ता ३४ अक्षरांचा असतो आणि इंग्रजी टीने सुरू होतो. मग ते शब्द जुन्या, नावाजलेल्या दोन वेगळ्या वॉलेटमध्ये टाकून बघितले. त्या दोघांनी एकमेकांशी तंतोतंत जुळणारा पत्ता दाखवला. आमच्या ॲपचा पत्ता त्याहून वेगळा होता.

कारण तांत्रिक आहे, पण कळायला अवघड नाही. बारा शब्दांतून एकच किल्ली निघत नाही, किल्ल्यांचं अख्खं झाड निघतं. त्या झाडाच्या कुठल्या फांदीवरची किल्ली घ्यायची, याचा ठरलेला रस्ता असतो. त्याला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. ट्रॉनला या पद्धतीत १९५ हा क्रमांक दिलेला आहे, इथेरियमला ६०. बहुतेक वॉलेट त्या क्रमांकाच्या पहिल्या फांदीवरची पहिली किल्ली घेतात. या ॲपने स्वतःचा वेगळाच रस्ता काढला होता आणि मदतीच्या पानांवर त्याचा कुठे उल्लेख नव्हता. लॅपटॉपचं इंटरनेट बंद करून मी एकेक शक्य रस्ता तपासत बसलो. दोन तासांनी पत्ता जुळला. पैसे निघाले असते, हे खरं. पण शेजारी असा कुणी बसलेला असेल, तरच. बारा शब्द जपून ठेवलेल्या, कंपनी बंद पडल्यावर दुसऱ्या वॉलेटमध्ये ते टाकणाऱ्या माणसाला समोर शून्य दिसलं असतं आणि आपले पैसे गेले असंच वाटलं असतं.

वॉलेट तपासताना हा प्रयोग मला आता सगळ्यांत मोलाचा वाटतो. यासाठी कोड वाचता यावा लागत नाही. एक जुना फोन, निकामी ठरवलेले बारा शब्द आणि अर्धा तास पुरतो. ज्या वॉलेटमधून त्याच्या मालकांच्या मदतीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यात आपली किल्ली आपल्या एकट्याच्या हातात नसते.

सहा आकड्यांचं दार

रात्र झाली म्हणून मी तिथेच थांबलो. रविवारी सकाळी ॲपच्या सेटिंग्जमधला एकेक पर्याय बघत होतो, तर 'बॅकअप : सुरू' दिसलं. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी काही सुरू केलं नाही. पुढे, पुढे दाबत गेले फक्त." नवं वॉलेट बनवून त्या पायऱ्या पुन्हा बघितल्या. चौथ्या स्क्रीनवर ईमेलवरून बॅकअपचा पर्याय होता आणि बरोबरची खूण आधीच केलेली होती.

मग तिच्या परवानगीने मी माझ्या जुन्या फोनवर ॲप नव्याने टाकलं. तिचा ईमेल दिला. तिला ओटीपी आला, तो भरला. ॲपने सहा आकडी पिन मागितला, तिने तो सांगितला. चाक दोन-तीन सेकंद फिरलं आणि तिचे ५० यूएसडीटी माझ्या फोनवर दिसले. बारापैकी एकही शब्द आम्ही कुठे टाकला नव्हता.

म्हणजे ते शब्द, किंवा त्यांच्यापासून बनलेली किल्ली, कंपनीच्या सर्व्हरवर होती. मदतीच्या पानावर लिहिलं होतं की बॅकअप तुमच्या पिनने कुलूपबंद होतो, आम्हालाही तो वाचता येत नाही. मी या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. पद्धत कितीही मजबूत असली, तरी कुलूप उघडतं ते सहा आकड्यांनी. सहा आकड्यांच्या शक्यता १० लाख. ॲपमधून कुणी एकेक पिन टाकत बसला तर सर्व्हर त्याला अडवेल, ओटीपीही आड येईल. पण बॅकअपच्या फाइलीच कुणाच्या हाती लागल्या, बाहेरच्या चोराच्या किंवा आतल्या माणसाच्या, तर त्याला अडवायला मध्ये कुणी नसतं. एक पिन तपासायला मुद्दाम पूर्ण एक सेकंद लागावा अशी रचना केलेली असली, तरी १० लाख पिन साडेअकरा दिवसांत संपतात. तिचा पिन तिची जन्मतारीख होती. शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा मोजल्या तर साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात, आणि त्या हिशेबाने काम साधारण दहा तासांचं.

३४ वर ३७ शून्यं इतकी मजबूत भिंत आणि तिला सहा आकड्यांचं दार. हे दार त्यांनी वाईट हेतूने ठेवलं, असं मला वाटत नाही. लोक शब्द हरवतात, मग कंपनीला दोष देतात. त्यावर ही सोय काढली असणार. सोय ज्यांना हवी त्यांनी ती समजून घ्यावी. इथे ती समजावून न सांगता गळ्यात घातली होती, याचा मला राग आला आणि तो राग अजून आहे.

बाहेरून न दिसणारं

दुपारी लॅपटॉपवरून हॉटस्पॉट देऊन जुन्या फोनची सगळी वाहतूक त्यातून नेली आणि ॲप कुठे कुठे बोलतं ते बघितलं. ही तपासणी मनात येण्यामागे ऑगस्ट २०२२ मधलं स्लोप वॉलेटचं प्रकरण होतं. सोलाना नेटवर्कवरची ९,००० हून जास्त वॉलेट तेव्हा रिकामी झाली. तपासात असं निघालं की स्लोपचं ॲप लोकांचे शब्द बिघाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर उघड्या मजकुरात पाठवत होतं. त्यासाठी कुणी वाईट हेतूने एकही ओळ लिहिली असण्याची गरज नव्हती. नोंदी ठेवणारी सोय जोडली आणि त्या नोंदीत काय काय जातं हे कुणी बघितलं नाही.

आमच्या ॲपची बोलणी तीन प्रकारची होती: ट्रॉनचे नोड (नोंदी ठेवणारे संगणक), भाव देणारी सेवा आणि वापराच्या, बिघाडांच्या नोंदी घेणारी सेवा. नोंदींच्या सेवेत मला शब्द सापडले नाहीत. काही जोडण्या मात्र अशा बांधलेल्या होत्या की आतला मजकूर उघडून बघता आला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही चांगलीच रीत आहे. पण बाहेरच्या तपासणाऱ्याचं काम तिथे थांबतं आणि पुढचं कोडच सांगू शकतो.

वेबसाइटवर तर 'ओपन सोर्स', म्हणजे कोड सगळ्यांना बघायला खुला, असं ठळक लिहिलं होतं. लिंक दाबली. गिटहबवर, म्हणजे कोड जाहीर ठेवण्याच्या साइटवर, एक ओळखपत्र वाटावं असं प्रस्तावनेचं पान आणि क्यूआर काढणारी एक छोटी लायब्ररी होती, तिच्यातला शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा. वॉलेटचा कोड कुठेच नव्हता.

याचं महत्त्व एका उदाहरणाने मावसबहिणीला पटलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेंशनमध्ये (ब्राउझरला जोडायच्या वॉलेटमध्ये) शब्द निवडणारा यादृच्छिक आकड्यांचा भाग कच्चा निघाला. बाहेर येणारे शब्द बघायला नेहमीसारखेच होते, पण त्यांच्यामागच्या शक्यता फक्त ४२९ कोटी. ऐकायला मोठा वाटणारा हा आकडा संगणकाच्या सहज आवाक्यातला आहे. लेजरच्या संशोधकांना हा दोष दिसला तो कोड तपासल्यामुळे. बारा शब्दांकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी ते चांगल्या नाण्याने निवडले की खोट्या, हे कळत नाही.

ओपन सोर्स म्हटलं की डोळे मिटावेत, असंही नाही. लिबबिटकॉइन हे वॉलेट बनवण्याचं जुनं, सगळ्यांना उघडं असलेलं साधन. त्यातही शक्यता त्याच ४२९ कोटींवर अडकवणारी अशीच कमतरता होती आणि २०२३ मध्ये लोकांचे पैसे गेल्यावर ती उजेडात आली. कोड उघडा असणं म्हणजे कुणी बघू शकतं एवढंच. कुणी बघितलाय का, हे वेगळं शोधावं लागतं. शिवाय स्टोअरवरचं ॲप त्याच उघड्या कोडपासून बनलंय का, हेही. बिटकॉइन कोअरसारखे प्रकल्प यासाठी अशी व्यवस्था ठेवतात की कोणीही कोडपासून ॲप स्वतः बांधून बघावं आणि ते बाइट न बाइट जुळावं. हे ज्या वॉलेटच्या बाबतीत जमतं, त्यांच्याकडे माझं मन आधी वळतं.

इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटची डिसेंबर २०१८ मधली गोष्टही तिला सांगितली. ॲप खरं, कोड उघडा, नाव जुनं. पण ॲपला जोडलेल्या सर्व्हरकडून आलेला संदेश ॲपच्याच खिडकीत दिसायचा. फसव्यांनी आपले सर्व्हर उभे केले आणि व्यवहार करायला गेलं की 'नवी आवृत्ती घ्या' असा संदेश लिंकसकट दाखवला. ज्यांनी त्या लिंकवरून नवी आवृत्ती घेतली त्यांचे बिटकॉइन गेले. ॲपमध्ये दिसलेल्या लिंकवरून अपडेट घ्यायचा नाही, हा नियम तिने लगेच वहीत लिहून घेतला.

आपल्या बाजूचं

सगळा दोष ॲपच्या माथी मारून चालणार नव्हतं. "शब्द कुठे लिहिलेस?" असं विचारल्यावर तिने फोटो गॅलरी उघडली. बारा शब्दांचा स्क्रीनशॉट. ॲपने तो घेऊ दिला होता, हा त्याचा दोष. पण गॅलरी गूगल फोटोजशी जोडलेली होती, तिचा ईमेल जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवर अजून चालू होता आणि फोटोंची परवानगी तिने किती ॲपना दिली होती ते मोजलं तर एकोणीस निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचं प्रकरण उघड केलं होतं. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हीकडच्या काही ॲपमध्ये असा कोड होता, जो गॅलरीतले फोटो वाचून वॉलेटचे शब्द शोधायचा. हे ऐकल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच काढून टाक."

मी स्क्रीनशॉट पुसला, कचरापेटीतूनही काढला. पण पुसल्याने काही सिद्ध होत नाही. एकदा उघडे पडले असतील, असे शब्द कायमचे बाद धरायचे. पिन बदलून किंवा बॅकअप बंद करूनही ते परत सुरक्षित होत नाहीत. नवे शब्द, नवा पत्ता, आणि पैसे तिकडे हलवणं, एवढाच मार्ग असतो.

ठरवलं ते

माझा निष्कर्ष मी तिला तीन वाक्यांत लिहून दिला. हे ॲप फसवं नाही. ते वापरायचंही नाही. ५० यूएसडीटी बाहेर काढायचे आणि १,१५० इथे येऊ द्यायचे नाहीत.

नवं वॉलेट निवडलं ते अनेक वर्षं चाललेलं, कोड खरोखर उघडा असलेलं, बाहेरच्या लोकांनी तपासून त्यातले दोष जाहीर केलेलं आणि ते दोष किती दिवसांत दुरुस्त झाले हे वाचता येणारं. ज्या वॉलेटमध्ये कधीच दोष सापडला नाही असं सांगितलं जातं, त्यापेक्षा सापडलेल्या दोषांचा उघड हिशेब असलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं. निकामी शब्दांचा प्रयोग त्यावर आधी केला. दुसऱ्या दोन वॉलेटशी पत्ता जुळला.

मग खरे शब्द. मावशी म्हणाली, कालनिर्णयच्या पानामागे लिही, हरवायचं नाही. तिथे तिचा दुधाचा हिशेब असतो. भिंतीवर टांगलेलं पान येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचं, म्हणून तो बेत सोडला. जाड कागदावर, शाईने, क्रमांक घालून शब्द लिहिले. पैसे येण्याआधीच वॉलेट पूर्ण पुसलं आणि नुसत्या कागदावरून परत उभं करायला बसलो. ॲपने शब्द नाकारले. तिच्या पोटात गोळा आला. सातवा शब्द तिने घाईत लिहिला होता आणि त्यातलं शेवटचं अक्षर आर की टी, हे ठरेना. यादीत 'कार' आहे आणि 'कॅट'ही आहे. तिने 'कार' टाकलं होतं, 'कॅट' टाकल्यावर वॉलेट उघडलं आणि तोच पत्ता दिसला. शेवटच्या शब्दात तपासणीचे ४ बिट (शून्य किंवा एकच्या खुणा) दडलेले असतात, म्हणून चुकीचा शब्द सोळापैकी पंधरा वेळा पकडला जातो. सोळाव्या वेळी चुकून दुसरंच, रिकामं वॉलेट उघडतं. पैसे यायच्या आधी ही उजळणी करायची ती त्यासाठीच. चार अक्षरांहून लांब शब्द असला तर पहिली चार अक्षरं वाचता आली तरी भागतं. यादीच तशी बनवली आहे. लहान शब्दांना ती सवलत नाही. कागद पुन्हा लिहिला, या वेळी छापील अक्षरांत.

५० यूएसडीटी हलवताना आणखी एक गाठ पडली. ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायचे तर शुल्कासाठी टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं चलन) लागतात आणि तिच्याकडे ते नव्हते. क्लायंटने थोडे पाठवले. नवा पत्ता तिने मोठ्याने वाचला, मी पडताळला, नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं नाही, मधलीही. मे २०२४ मध्ये एकाने दोन्ही टोकं जुळणारा बनावट पत्ता व्यवहारांच्या यादीतून उचलला आणि १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनशी किंमत बांधलेलं टोकन), म्हणजे पावणेसात कोटी डॉलरच्या आसपासची रक्कम तिकडे पाठवली होती. ती नंतर परत मिळाली, पण तसं नशीब क्वचित.

कराचं तिच्या सीएने बघितलं. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहे, हे तिला आधीच माहीत होतं. पैसे रुपयांत आणायला एफआययूकडे (सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदलेलं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो विकत घेण्या-विकण्याची कंपनी, घेतलं. सगळं एक्स्चेंजवरच ठेवू का, असं तिने विचारलं होतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गेली आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकले. ते आठवून आम्ही असं ठरवलं की आलेली रक्कम स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यायची, लागेल तेवढीच एक्स्चेंजवर न्यायची आणि त्याच दिवशी विकून बँकेत आणायची. लाखभर रुपयांसाठी हार्डवेअर वॉलेट (किल्ली सांभाळणारं वेगळं उपकरण) घ्यायला मी सांगितलं नाही. रक्कम वाढली आणि ती महिनोन्‌महिने तिथेच ठेवायची वेळ आली, तर सांगेन.

१,१५० यूएसडीटी शुक्रवारी आले. कागदाची एक प्रत घणसोलीत आहे, दुसरी बंद पाकिटात मावशीच्या वाशीच्या लॉकरमध्ये. आधीच्या ॲपच्या कंपनीला बॅकअप पुसून टाका आणि डेरिव्हेशन पाथ मदतीच्या पानावर लिहा, असा ईमेल मी पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं की बॅकअप काढला आहे. पाथबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून दुसरा ईमेल पाठवला आहे. जुन्या पत्त्यावर आम्ही मुद्दाम २ यूएसडीटी आणि उरलेले टीआरएक्स राहू दिले. कुणाच्या हाती ते शब्द लागले, तर आधी हेच हलतील. दर रविवारी मी ट्रॉनस्कॅनवर, म्हणजे ट्रॉनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, तो पत्ता उघडतो. या रविवारी दोन्ही रकमा जागेवर होत्या.